समुद्रावर न्यायचंय, पण आषाढ चालू आहे

‘विचारा की, माई’ : वाचकांची पत्रं आणि त्यांना उत्तरं

प्रश्न : माई, नमस्कार. आमचे बाबा आषाढ लागता लागता गेले. त्यांची सगळी नोकरी मुंबईत गोदीत, इंदिरा डॉकला झाली. निवृत्त झाल्यावर खानापूर तालुक्यात गावी येऊन शेती बघायचे. आजारपणात त्यांनी आईला आणि मला बजावून सांगितलं होतं, ‘मला मलप्रभेत नको, दर्यात सोडा.’ म्हणून सावडताना अस्थी मडक्यात बाजूला काढून ठेवल्या. आता भावकी म्हणते, दहाव्याच्या आत असोग्याला सोडून मोकळा हो, मलप्रभेचं पाणी तरी शेवटी कुठं जातं, समुद्रालाच की. थोरले काका म्हणतात, अस्थी ठेवून घेतल्या तर जीव अडकतो. गोव्यात एकाला फोन केला तर तो म्हणाला, आता होडी मिळायची नाही. कुठं जावं, कधी जावं, परवानगी कुणाची घ्यावी, काहीच सुचेना झालंय.
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी तुला फोन केला, कारण अंक छापून हातात पडेपर्यंत दहावा होऊन गेला असता. तेव्हा घाईत बोलले ते इथं नीट लिहिते. पावसाळ्यात अशी पत्रं येतातच, बाकीच्यांनाही उपयोग होईल. माझं माहेर वेंगुर्ल्याचं आणि सासर जांबोटीकडचं. त्यामुळे भावकी कशी बोलते तेही कानावर आहे आणि होडी हाकणारा तांडेल कसा बोलतो तेही.

आधी भावकी, कारण समुद्रापेक्षा तीच पार करायला अवघड. दहा दिवसांची रीत आहे हे काकांचं बरोबर. पण काशी-प्रयागला न्यायच्या अस्थी घरोघर महिनोन्‌महिने थांबतात, आणि तेव्हा कुणी जीव अडकल्याचं बोलत नाही. काकांना एवढंच आठवून दे. त्यानंही भागलं नाही तर गांधीजींचं सांग. त्यांच्या अस्थींचा एक कलश साठ वर्षं तसाच राहिला होता, तो ३० जानेवारी २००८ ला मुंबईत गिरगाव चौपाटीसमोरच्या समुद्रात सोडला. काकांच्या वयाच्या माणसांना हे नाव पुरतं.

मलप्रभेचं पाणी समुद्राला जातं हे खरंच आहे, पण कुठल्या समुद्राला? मलप्रभा उगवते आपल्या कणकुंबीला. तिथून चोर्ल्याचा घाट उतरलं की गोवा, आणि ही बाई त्याच्याकडे पाठ करून पूर्वेला चालू लागते. सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात अडते, पुढे कूडलसंगमला कृष्णेला मिळते, आणि कृष्णा जाते बंगालच्या उपसागराला. तुझ्या बाबांनी जन्म घालवला तो अरबी समुद्राच्या काठाला. आपल्याच तालुक्यातली म्हादई मात्र पश्चिमेला वळते आणि पणजीला मांडवी होऊन समुद्राला मिळते. पण ती उगवते भीमगडच्या रानात, आणि तिच्या पाण्यावरून दोन राज्यं भांडतायत. तो विषय इथं नको.

तुला फोनवर सांगितलं तेच सगळ्यांना सांगते : दोन भाग करावेत. एका लहान गाडग्यात थोड्या अस्थी घेऊन दहाव्याच्या आत असोग्याला जावं, भटजी-पिंड जे काय घरच्या रीतीचं असेल ते तिथं करावं. उरलेल्या समुद्रासाठी ठेवाव्यात. अस्थी थोड्या इथं, थोड्या तिथं सोडणारी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्यात अशास्त्र काही नाही. आणि ही भावकीची समजूत काढायची युक्ती आहे असं मनात आणू नकोस. बाबांनी शेवटची वर्षं त्याच नदीच्या पाण्यावर भात पिकवलं. हल्ली निपाणी-कोल्हापूरकडे रक्षा नदीत न सोडता शेतात खड्ड्यात घालून वर आंबा-नारळ लावतात, ती पद्धत मला फार पटते. अस्थी वेगळ्या काढल्यावर मागं उरलेली राख तुम्हीही बांधावर घालू शकता. लाकडाच्या चितेची राख पाटी-दोन पाट्या निघते. ती सगळी समुद्रावर न्यायची म्हटलं तर टेम्पो करावा लागेल.

आता ठेवायच्या कशा. पावसाळ्यात हाच मोठा घोळ होतो. सावडलेल्या अस्थी दुधा-पाण्याने धुतलेल्या असतात आणि तशाच ओल्या मडक्यात घालून तोंडाला फडकं बांधतात. महिनाभरात आत वास धरतो, फडक्याला बुरशी येते. म्हणून एकदा सुपात पसरून सावलीत पुऱ्या वाळव. वाळवताना कोळसे हाताने निवडून काढ. हे मुद्दाम सांगते, कारण हाड पाण्यात सरळ खाली जातं आणि कोळसा तरंगतो. होडीभोवती काळे तुकडे गोल गोल फिरत राहिले की बघणाऱ्याला उगीच वाईट वाटतं, आणि शेवटी ते वाऱ्याबरोबर किनाऱ्याला येतात. वाळलेल्या अस्थी सुती पिशवीत, पिशवी कोऱ्या मडक्यात. मडकं घरात आणायचं नाही ही आपली रीत. कुणी झाडाला टांगतं, पण या पावसात झाडाला नको. शेतातल्या खोपीत वळचणीच्या आत आढ्याला बांध. आईला रोज तिकडं जाऊन दिवा लावावासा वाटला तर लावू दे. वाट चिखलाची आहे म्हणून तिला अडवू नका.

गोव्याच्या माणसाने सांगितलं ते खोटं नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झापाखाली ठेवलेल्या असतात. बंदी नसती तरी या दिवसांत दर्यात कुणी गेलं नसतं. माझे वडील म्हणायचे, आषाढातला दर्या बघायचा तो अंगणातून. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की किनाऱ्यावरचा माणूस समुद्र उघडला असं मानतो, पण तो त्याच्यासाठी उघडतो, तुझ्या-माझ्यासाठी नाही. तुझी भावकी पुढचं टुमणं लावेल ते पितृपंधरवड्याचं : तेव्हा तरी सोडून ये. तिथी म्हणून दिवस चांगले, पण भाद्रपदात लाटा अजून बसलेल्या नसतात आणि आंबोलीला धुकं-पाऊस चालूच. माझं ऐकशील तर दिवाळी होऊ दे. कार्तिकात पाणी काचेसारखं होतं.

कार्तिकातला दिवस कोणता, याला मात्र माझं उत्तर अगदी नेमकं आहे : अष्टमी, शुद्ध किंवा वद्य. कारण सांगते. समुद्रात काही सोडायचं तर दोन गोष्टी आपल्या बाजूला हव्यात, ओहोटी आणि वारा. भरतीला सोडलेलं परत किनाऱ्याला येतं, आणि सकाळी वेळेवर तिथं शाळेची सहल येते. भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना ठोकताळा आहे : तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, दुपारी एकदा आणि रात्री एकदा. अष्टमीला आठ पाऊणे सहा. म्हणजे सकाळी सहाला भरती पुरी होते आणि दुपारी बाराच्या आसपासपर्यंत पाणी बाहेर ओढत राहतं. बंदराप्रमाणे तास-अर्धा तास मागंपुढं होतं, ते तिथं विचारून घ्यायचं. शिवाय अष्टमी म्हणजे भांगाचे दिवस, अमावस्या-पौर्णिमेसारखं उधाण नसतं. आणि हिवाळ्यात सकाळी मतलई वारा सुटतो, जमिनीकडून समुद्राकडे. दहा-अकरानंतर तो पडतो आणि खारा वारा उलट आत यायला लागतो. ओहोटी, शांत पाणी आणि पाठीवरचा वारा असे तिन्ही योग अष्टमीच्या सकाळी जुळून येतात. गुरुजींनी वेगळा मुहूर्त काढला तर त्यांना हे सगळं समजावून सांग, बहुतेक ते अष्टमीला काहीतरी आधार शोधून देतील.

जायचं कुठं? तुम्हाला चोर्ल्यावरून पणजी जवळ पडते, पण तो रस्ता पावसाने धुतला की दुरुस्तीला किती महिने घेईल ते आपण सगळे जाणतो. लोंढा-रामनगरवरून कारवारला काळी नदीच्या मुखाशी जाणारे खूप आहेत, आणि कर्नाटकातून बाहेर पडावं लागत नाही हा एक फायदा. सीमाप्रश्न तापला की दोन्हीकडच्या बसगाड्या हद्दीवर थांबतात हे काय तुला सांगायला हवं? मात्र कारवारच्या दक्षिणेला नौदलाचा तळ आहे, तिकडे आपल्या मनाने होडी वळवता येत नाही. मालवणलाही होड्या भरपूर, पण तिथलं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. खाली प्रवाळ आहे, पाण्यात बुडून बघणारे पर्यटक आहेत. तिथं नको. मी वेंगुर्लेच म्हणणार, माहेर म्हणून थोडं, पण रस्त्यासाठी जास्त. बेळगावहून हिंडलगा, शिनोळी, आंबोली, सावंतवाडी असा सरळ मार्ग, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. आदल्या दिवशी दुपारी निघा आणि तिथं मुक्काम करा. पहाटे घाट उतरून थेट होडीत बसलात तर आईला उलट्या होतील. उलटीची गोळी होडीत चढायच्या अर्धा तास आधी द्यायची, चढल्यावर नव्हे. पोटात काहीतरी कोरडं असावं. भाकरीचा तुकडा चहापेक्षा बरा.

होडी ठरवायला संध्याकाळी बंदरावर जा. सकाळी होड्या मासळी घेऊन लागतात, लिलाव चालू असतो, त्या गर्दीत तांडेलाला गाठून ‘आमच्या बाबांच्या अस्थी’ म्हणून सुरुवात करू नकोस. मासेमारीच्या होडीला माणसं फिरवायचा परवाना नसतो, तेव्हा पर्यटकांना नेणारी, परवान्याची आणि जीवरक्षक जाकिटं असलेली होडीच बघ. कशासाठी जायचंय ते पैसे ठरवायच्या आधी स्पष्ट सांग. एखादा नको म्हणतो. वाद घालायचा नाही, दुसरा मिळतो. अस्थी सोडायला वेगळा परवाना काढावा लागल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही. पण मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्यानंतर सागरी पोलीस होडीतल्या माणसांची चौकशी करतात. म्हणून प्रत्येकाचं आधार आणि बाबांच्या मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स जवळ असावी. दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत नोंद झाली पाहिजे, ती अजून केली नसशील तर हे पान खाली ठेव आणि आधी ते करून ये.

आता प्रत्यक्ष सोडणं. लाटा फुटतात ती रेघ ओलांडली आणि पाणी हिरव्याचं निळं झालं की पुरे. किती मैल आत, हे तांडेलावर सोड. त्याला इंजिन मंद करून होडी वाऱ्याला आडवी धरायला सांग. सगळ्यांनी एका बाजूला उठून यायचं नाही. तू आणि आई, दोघांनी वारा ज्या अंगाला जातोय त्या अंगाला बसायचं. उभं राहून वरून ओतू नका, बारीक राख उडून सगळ्यांच्या तोंडावर येते आणि मग धड रडताही येत नाही. पिशवीचं तोंड पाण्याला टेकव, हात मनगटापर्यंत बुडू दे आणि मग हळूच उलटी कर. पांढरे तुकडे क्षणभर दिसतात, तिरके तिरके खाली जातात. बारीक पूड दुधासारखी पसरून ओहोटीबरोबर लांबते. मडकं फोडून टाकू नकोस, परत आण. पिशवी सुती असली तरी परत आण. झेंडू न्यायचा तर दोऱ्यातून सोडवून नुसत्या पाकळ्या. फोटोची चौकट, कपडे, चष्मा, कापूर-उदबत्तीची प्लॅस्टिकची पाकिटं यातलं काही नाही. त्या किनाऱ्याला वायंगणीच्या वाळूत थंडीच्या दिवसांत कासवं अंडी घालायला येतात, आपलं प्लॅस्टिक त्यांच्या वाटेत कशाला?

काही म्हणायचं असलं तर म्हणा. नाहीतर नुसतं ‘बाबा, जावा आता’ म्हटलं तरी चालतं. नारळ मात्र एक जास्तीचा ने. बाबांच्या नावाने एक सोडला की तांडेल दुसरा आपल्या हाताने सोडेल, आणि तो पैसे मोजून घेणारा असला तरी या गोष्टीचे पैसे घेणार नाही.

प्रश्न : आम्ही तिघी बहिणी, भाऊ नाही. आईची रक्षा कोणत्या नदीत सोडायची ते आमचं आम्ही ठरवू, पण ‘मुलीने अस्थी सोडल्या तर चालत नाही’ असं चुलत्यांनी सांगितलंय. त्यांच्या मुलाला पुढं करायचं म्हणतात. त्याने आईला कधी दवाखान्यातसुद्धा नेलं नाही.
— शहापूर, बेळगाव

उत्तर : तुम्हीच सोडा. तिघींनी मिळून एकाच मडक्याला हात लावा. बेळगावात मुलींनी अग्नी दिलेला मी स्वतः पाहिलाय आणि ते क्रियाकर्म करणारे गुरुजीही शहरात मिळतात. चुलत्यांच्या मुलाला बोलवायचं तर पाहुणा म्हणून बोलवा, चहा द्या. नदी म्हणाल तर शहराजवळच्या ओढ्या-नाल्यांत उगीच घालू नका. मार्कंडेय उन्हाळ्यात कोरडी पडते, तेव्हा मलप्रभा किंवा नरसोबाची वाडी बरी. वाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम आहे आणि काठावर सगळी सोय होते.

प्रश्न : माझ्या बहिणीचे यजमान न्यू जर्सीत वारले. तिकडेच दहन झालं. भाचा म्हणतो, अस्थी तिकडच्याच समुद्रात सोडू. त्याने सरकारचे नियम वाचून दाखवले, तीन मैल आत जावं लागतं म्हणे. बहिणीला त्यातल्या थोड्या इकडे दूधगंगेत आणायच्या आहेत. इकडेही समुद्रात सोडायचं तर तीन मैलांचा नियम आहे का?
— निपाणी

उत्तर : भाच्याने बरोबर वाचलंय. अमेरिकेत समुद्रात रक्षा सोडायची तर किनाऱ्यापासून निदान ३ सागरी मैल आत जावं लागतं. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणजे साडेपाच किलोमीटर झाले. आणि सोडल्यापासून ३० दिवसांच्या आत तिथल्या पर्यावरण खात्याला कळवायचं असतं. आधी परवानगीसाठी थांबावं लागत नाही, नंतर कळवलं की झालं. प्लॅस्टिकची फुलं-हार तिथंही चालत नाहीत. हा नियम त्यांच्या समुद्राचा. वेंगुर्ल्याला किंवा कारवारला येऊन कुणी तीन मैल मोजत बसायचं कारण नाही. वरच्या उत्तरात सांगितलं तसं, लाटांच्या पलीकडे आणि ओहोटीला.

थोड्या इकडे आणायच्या तर बहिणीला सांगा, विद्युत किंवा गॅसच्या दहनानंतर तिकडे जी पेटी देतात त्यात दोन-तीन किलोची कोरडी, दळल्यासारखी पूड असते. आपल्यासारखे अस्थींचे तुकडे नसतात. इथल्या बायका पेटी उघडून ‘हे काय, पीठ दिलंय’ म्हणून हादरतात, तेव्हा आधीच कल्पना द्या. त्यातली वाटून घ्यायला काही अडचण नाही. विमानात हातातल्या सामानात न्यावी आणि डबा लाकडाचा किंवा पुठ्ठ्याचा असावा. धातूचा कलश तपासणीच्या यंत्राला आरपार दिसत नाही आणि विमानतळावर तो उघडूनही बघत नाहीत, परतच पाठवतात. पितळी कलश इथं आल्यावर घ्या. मृत्यूचा दाखला आणि दहनाचा दाखला बरोबर हवा. भारतीय वकिलातीकडून अस्थी नेण्याचं पत्र निघतं, त्यासाठी हे दोन्ही दाखले आणि यजमानांचा पासपोर्ट मागतात. भारताचा असेल तर तो तिथं रद्द करून देतात. तिकीट काढायच्या आधी भाच्याला कपाटातून तो पासपोर्ट शोधून ठेवायला सांगा.